वांदोवालीचे दोन पायांचे मुळे

मुळ्याचं रोप उपटून दुसरीकडे लावायचं नसतं, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एका खड्ड्यात तीन-चार बिया टाकायच्या, पानं फुटली की त्यातलं धडधाकट रोप ठेवून बाकीची उपटायची आणि त्या कोवळ्या पाल्याला तिखटमीठ लावून किमची मुरत घालायची. माझी शेजारीण वांदोवाली मात्र विरळणीत उपटलेली रोपं भिंतीच्या कडेला नेऊन पुन्हा लावायची. मूळ एकदा दुखावलं की मुळा सरळ वाढत नाही, त्याला पाय फुटतात. तिचे मुळे विजार घातल्यासारखे निघायचे.

"अगं, हे सोलणार कोण? तुझा सासरा?" मी भिंतीवरून ओरडायचे.

"तुला सांगितलंय का सोलायला? जगतायत तर जगू देत की."

आमच्याकडे सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारतात. ती वांदो बेटावरनं आली म्हणून वांदोवाली, मी बोसंगवाली. तिचं खरं नाव ओक्बुन, पण ते दवाखान्यातल्या नर्सखेरीज कुणी घेत नसे. एकोणिसाव्या वर्षी होडीतून उतरून आली तेव्हा भाताच्या चिखलात पाय कसा टाकायचा तेही तिला येत नव्हतं. सासूनं त्यावरून तिला चिकार बोलून घेतलं. चुलीपुढे बसून ती समुद्राच्या आठवणीनं रडायची आणि धुराचं निमित्त सांगायची. मग हळूहळू रुळली. पुढे नवरा गेला, मुलगा मान्शिक नोकरीसाठी इंचॉन शहरात गेला, गल्लीतली घरं एकेक करून बंद झाली. शेवटी संध्याकाळी दिवा लागायचा तो तिच्याकडे आणि माझ्याकडे. तिचा लागला की मी माझा लावायचे.

गेल्या वर्षी थंडीत ती अंगणातल्या बर्फावर घसरून पडली. त्यानंतर शरदातल्या चुसॉकच्या सणाला, पूर्वजांना जेवण वाढायला, मान्शिक आला आणि म्हणाला, "आई, यंदाची किमची घातलीस की माझ्याकडे चल. इथं पुन्हा पडलीस तर मला कळणार कधी?" पोराचं काही चुकत नव्हतं. म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी विरळणी करता करता, मान वर न करता तिनं विचारलं, "जाऊ का गं?"

"जा की! इथं काय सोनं पुरलंय तुझं?"

खरं तर जाऊ नकोस म्हणायचं होतं. पण उद्या परत पडली असती तर मान्शिकला मी काय तोंड दाखवणार होते?

हिवाळ्याची किमची घालायला पूर्वी आमच्या अंगणात बायकांची जत्रा असे. त्या दिवशी आम्ही दोघीच. तिनं दोन पायांचे मुळे मुद्दाम माझ्यापुढे सारले.

"घे, सोल. शेवटचेच आहेत."

मी शिव्या घालत सोलले. त्या बेचक्यात ना सुरी शिरत, ना माती निघत. माझं बोट कापलं तशी ती खदखदून हसली, आणि हसता हसताच बोटाला चिंधी बांधायला लागली. मग मान्शिकची गाडी आली आणि किमचीच्या डब्यांसकट तिला घेऊन गेली.

"चौदावा मजला आहे गं," पोहोचल्यावर तिनं फोन केला. "खाली बघितलं की गरगरतं."

"मग नको बघूस खाली."

"मग कुठं बघू?"

हवापाण्याचं काहीतरी बोलून मी फोन ठेवला.

यंदा माझ्या मुळ्यांची विरळणी केली. टोपली भरली तशी सवयीनं अर्धा पाला भिंतीवरून पुढे केला, आणि हात तसाच राहिला. पलीकडे नुसतं गवत. एवढ्या पाल्याची किमची घालून मी एकटी खाणार किती? तिचं फाटक ढकलून आत गेले, भिंतीकडेचं गवत काढलं आणि रोपं लावली. गुडघ्यांनी चांगलीच बोंब मारली.

घरी येऊन तिला फोन केला. "तुझ्या भिंतीकडेला मुळे लावलेत."

"उपटलेले?"

"मग काय!"

"वेड लागलंय का तुला? पाय फुटतील त्यांना."

"फुटू देत. जगतील."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"संध्याकाळी पाणी घाल त्यांना," ती म्हणाली. "आणि जातेच आहेस, तर माझ्या ओट्यावरचा दिवाही लाव."

संध्याकाळी पाणी घातलं, तिचा दिवा लावला. मग घरी येऊन माझा लावला.