पायानं दाबायचा साचा

ताईच्या डाव्या हाताची बोटं गेली ती धाकट्या भावाच्या घाईपायी. करवतीच्या चकतीवरचं झाकण मध्ये मध्ये येतं म्हणून त्यानं ते काढून कोपऱ्यात भिरकावलं होतं आणि तिला सांगायचं राहून गेलं. अंगठा आणि करंगळी तेवढी वाचली. दवाखान्यात भाऊ ढसाढसा रडला. "ताई, जन्मभर सांभाळीन तुला," म्हणाला.

वडील गेल्यावर याच ताईनं त्याच्या हातात रंधा दिला होता. दोघं मिळून मधमाश्या पाळणाऱ्यांसाठी लाकडी पेट्या करायचे. काम दिसायला सोपं, पण कोपरा जरा तिरका गेला की आतल्या चौकटी अडकतात आणि मध काढणारा शिव्या घालतो. एका हातानं फळ्या काटकोनात धरायच्या, दुसऱ्यानं खिळा मारायचा. आता ताईनं खिळा मारला की फळी सटकायची. ती पुन्हा धरायची, पुन्हा मारायची.

एका दुपारी दुकानात गिऱ्हाइकं बसलेली असताना भाऊ म्हणाला, "ताई, तू घरी बस बघू. गोगलगाय परवडली तुझ्यापेक्षा."

सगळे खो खो हसले. भाऊही हसला. ताईनं हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि दुकानाबाहेर पडली, ती परत गेलीच नाही. आई म्हणाली, "अगं, चेष्टेनं बोलला तो." ताईच्या डोक्यात मात्र ते हसू रुतून बसलं.

तिनं एका शिंप्याची रिकामी खोली भाड्यानं घेतली. शिंपी जाताना मोडकं शिवणयंत्र तिथंच टाकून गेला होता. त्याचा पायानं दाबायचा पायटा उगाच हलवत बसली असताना तिच्या मनात आलं, धरायचं काम हातानंच करायला पाहिजे असं थोडंच आहे?

जाड प्लायवुडच्या पाटावर तिनं चार खाचा पाडल्या. पेटीच्या चारही फळ्या त्यात उभ्या राहायच्या. बाजूला दोन सरकते ठोकळे बसवले, त्यांना सायकलच्या ब्रेकची तार बांधली आणि तार खाली पायट्याला जोडली. पाय दाबला की ठोकळे सरकून चारही कोपरे आवळायचे, आणि उजवा हात खिळे मारायला मोकळा.

पहिली पेटी साच्यातून निघेचना. फटींतून बाहेर आलेला गोंद खाचांना घट्ट चिकटला होता. हातोडा घालून पेटी फोडावी लागली. मधवाले काका, तिच्या वडिलांचे जुने गिऱ्हाईक, दारात उभं राहून हे बघत होते. ते गेले आणि मेणाचा गोळा घेऊन आले. "खाचांना हे चोळ," म्हणाले. तिनं मेण चोळलं आणि पुढची पेटी टुणकन बाहेर आली. मग तिनं त्याच पाटावर शेजारी शेजारी आणखी दोन पेट्यांच्या खाचा पाडल्या आणि त्यांचे ठोकळेही त्याच पायट्याला जोडले. भाऊ एक पेटी जोडेपर्यंत तिच्या तीन होऊ लागल्या.

इथंच थांबली असती तर गोष्ट मेहनतीची झाली असती. पण ताईला नुसतं पुढं जायचं नव्हतं, त्याला मागं पाडायचं होतं. फुलोऱ्याच्या आधी सगळ्यांनाच पेट्या लागतात हे तिला ठाऊक होतं. तिनं लाकूडवाल्याकडची सगळी वाळलेली फळी आधीच उचलली. तिला तेवढी लागणारही नव्हती. भावाला ओल्या फळीवर भागवावं लागलं. उन्हात त्याच्या पेट्या वाकल्या, झाकणं उचलली गेली, चौकटी आत रुतल्या. तेव्हा हसलेली गिऱ्हाइकं एकेक करून ताईच्या दारात आली. ती प्रत्येकाला विचारायची, "कशी काय वाट चुकलात? गोगलगायीकडं?" माणूस खाली मान घाली, मगच ती मागणी घेई.

शेवटी भाऊ आला. खोलीत तेव्हा काका आणि आणखी दोघं-तिघं होते.

"ताई, साचा दाखव ना जरा. दुकान बंद पडायची वेळ आलीय."

ताईनं चार फळ्या त्याच्यापुढे टाकल्या. "साच्याशिवाय जोड. डावा हात खिशात घालून."

"ताई..."

"घाल."

त्यानं हात खिशात घातला. फळी गुडघ्यानं दाबली, ती निसटली. हनुवटीनं धरली, पडली. खिळा वाकला. घाम गळायला लागला. कुणीच हसलं नाही, आणि ताईला नेमकं तेच सलत होतं. हसायला हवं होतं त्यांनी.

"चुकलो गं," तो म्हणाला.

"माहीत आहे," म्हणत तिनं पायटा दाबला आणि पुढची पेटी ठोकायला घेतली. त्यानं पडलेल्या फळ्या गोळा करून भिंतीला लावल्या आणि तो गेला.

भावानं दुकान विकलं आणि खुर्च्यांच्या कारखान्यात नोकरी धरली. आई त्याच्याचकडे राहिली आणि लेकीशी बोलेनाशी झाली. एकदा काकांनी न राहवून विचारलं, "पोरी, खरं सांग, बरं वाटतं का आता?"

ताईनं पेटी साच्यातून काढली, उन्हाकडे धरून कोपरे पाहिले.

"वाटतं, काका," ती म्हणाली. "आईची आठवण येते. पण बरं वाटतं."

काकांनी पेटी उचलली आणि गाडीवर चढवली.