न तपासलेल्या घरांचं शून्य

आमच्या आकडेवारी विभागात त्यांना सगळे आत्याबाई म्हणत, अगदी साहेबसुद्धा. बावीस वर्षांत आपला एकही आकडा चुकला नाही, हे त्या आठवड्यातून एकदा तरी ऐकवायच्याच. माझं टेबल शेजारचं, त्यामुळे पहिला श्रोता मी.

त्यांची खरी मिजास होती ती स्वतः लिहिलेल्या मॅक्रोची, म्हणजे संगणकावर एकच काम पुन्हा पुन्हा आपोआप करणाऱ्या छोट्या आज्ञावलीची. पाहणीत नवी माहिती वाढवायची झाली की तिचं नाव लिहून बटण दाबायचं. मॅक्रो सगळ्या वस्त्यांच्या फायलींत त्या नावाचा रकाना जोडायचा आणि प्रत्येक घरापुढे शून्य भरून ठेवायचा. तपासणीचा आकडा आला की तो शून्याच्या जागी बसायचा. रिकाम्या जागा आत्याबाईंना बघवतच नसत.

त्या दिवशी पाच वाजता नळाच्या पाण्यातल्या शिशाचा अहवाल वर जायचा होता. सरासरी मर्यादेच्या आत होती; अहवाल गेला की जुने नळ बदलायचं काम रद्द. आत्याबाई खुशीत होत्या. सून सात महिन्यांची गरोदर, तिला त्यांनी आठवडाभर आधीच सांगून टाकलं होतं, पाणी चांगलं आहे, भरपूर पी. चार वाजता त्यांनी सहज म्हणून फायलीत स्वतःचं घर शोधलं. पुढे शून्य होतं.

"अरे," त्या मला म्हणाल्या, "आमच्याकडे तर पाण्याचा नमुना घ्यायला बाटली घेऊन कुणी आलंच नाही."

नमुन्यांच्या वहीशी ताडून पाहिलं तर न तपासलेली दोनशे अकरा घरं निघाली, आणि सगळ्यांपुढे शून्य. न मोजलेलं पाणी मॅक्रोने स्वच्छ ठरवलं होतं. मी हळूच सुचवलं की संगणकावर खापर फोडू, कोण बघतंय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली. लाज वाटली, अजून वाटते.

मॅक्रोतलं शून्य काढून त्यांनी तिथे जागा कोरी ठेवली, रकाना नव्याने जोडला, खरे आकडे परत भरले. पाचला दहा मिनिटं कमी असताना सरासरी आली, ती मर्यादेच्या बरीच वर.

साहेब वैतागले. ऐनवेळी अहवाल थांबवला तर वर कुणाचं नाव सांगू, म्हणाले.

"माझं," आत्याबाई म्हणाल्या. "आणि मागचे अहवालही उघडावे लागतील."

जागेवर येऊन त्यांनी घरी फोन लावला. नळाचं पाणी पिऊ नकोस म्हणाल्या. तुम्हीच तर चांगलं म्हणालात, असं सून म्हणाली असावी.

"म्हणाले होते गं. न मोजताच म्हणाले होते."

आठवड्याने त्यांच्या घराचा आकडा आला, मर्यादेच्या तिप्पट. तो त्यांनी स्वतः भरला. बावीस वर्षांचं ते वाक्य मी पुन्हा कधी ऐकलं नाही.