कुऱ्हाडवाली सिस्टर

आमच्या मोठ्या सिस्टरांचा हात भारी जड. मावश्या, वॉर्डबॉय, दारू पिऊन आलेले नवरे, सगळ्यांनी त्याचा प्रसाद खाल्लेला. फक्त अडलेल्या बाईला तो हात कधी लागला नाही. मी नर्स म्हणून नवीच होते. एका मावशीनं ओरडणाऱ्या पोरीच्या मांडीवर चापट ओढली, तर सिस्टरांनी तिचा हात असा पिरगळला की तीच ओरडली. "कळा तिले येऊन राह्यल्या, अन् चेव तुले काहून?"

यवतमाळच्या ट्रेनिंगहून बाकीच्या जणी साड्या घेऊन आल्या. ह्या बयेनं आल्या आल्या चौकीदाराची कुऱ्हाड मागितली! प्रसूतीच्या खोलीत एक लाकडी स्टूल होतं. बाळ लवकर येईना की मावशी त्यावर चढून बाईचं पोट दोन्ही हातांनी खाली रेटायची. त्यानं गर्भपिशवी फाटू शकते, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. सिस्टरांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. "माह्या हातात मेली एक बाई. आता पुस्तकबी तेच म्हणते. मंग हे मढं इथं कायले ठेवू?" अंगणात त्याचे तुकडे करून त्यांनी पाणी तापवायच्या चुलीत घातले. नाव पडलं ते तेव्हापासून.

मग वैशाली आली. पहिलटकरीण. सिस्टरांनी तिला टेबलावरून उतरवून उकिडवं बसवलं, पाठीला स्वतःची छाती दिली. मी दर कळेनंतर बाळाचे ठोके ऐकत होते. ठोके चांगले होते. पण सासूला दम निघेना. "दाबा न वं पोट! मारता का सुनेले?" सिस्टर म्हणाल्या, "दाबलं तर मरन."

तेवढ्यात सासूचा ओरडा ऐकून दीर दार ढकलून आत घुसला, त्यानं सलाईनचा स्टँड उचलला आणि सिस्टरांवर हाणला. नेम चुकून वैशालीच्या डोक्यावर येणारा घाव सिस्टरांनी डाव्या हातावर झेलला. हाड मोडल्याचा आवाज मला आजही ऐकू येतो. मी किंचाळले, तर माझ्यावरच खेकसल्या, "माह्याकडे काय पाह्यून राह्यली? ठोके आयक!" चौकीदारानं दिराला फरफटत बाहेर नेलं. सिस्टर जागच्या हलल्या नाहीत. थोड्या वेळानं पोरगी झाली, ठणठणीत रडली. सासूनं पायातली चप्पल काढली आणि व्हरांड्यात लेकाला रक्त येईस्तोवर बडवलं. मला, खरं सांगते, बरं वाटलं.

हात वाकडाच राहिला. सिस्टर रिटायर होऊन घाटंजीला गेल्या. जाताना मी गळ्यात पडून रडले, तर पाठीत धपाटा. "रडतं कायले? लक्ष ठेवजो."

परवा ड्युटीवर आले, तर प्रसूतीच्या खोलीत कोरं करकरीत स्टूल, त्यावर नवी मावशी, आणि तिचे दोन्ही हात एका बाईच्या पोटावर. मी तिला दंडाला धरून खाली ओढलं. त्या बाईला उठवून बसवलं, ठोके ऐकले, तिच्याजवळ दुसरी नर्स बसवली. मग ते स्टूल अंगणात फेकलं आणि चौकीदाराला हाक मारली.

म्हातारा कुऱ्हाड घेऊनच आला.