चौथ्या गादीचा हाडवैद्य

मोरिवाकी कात्सुहिकोची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझं डोकं त्याच्या बगलेत होतं. मान आखडली म्हणून आमागासाकीच्या बाजारगल्लीतल्या या हाडवैद्याकडे मी स्वतःच्या पायांनी गेलो होतो, हे कबूल. पण "सैल सोडा साहेब, अगदी सैल" असं म्हणत त्याने जे काही केलं, त्याने माझ्या मानेतून असा आवाज निघाला की समोरच्या मासळीवाल्याने दुकानाचं शटर निम्मं खाली ओढलं, पलीकडची तोफूवाली भूकंप समजून टेबलाखाली शिरली, आणि स्टेशनातून सुटलेली गाडी, शपथेवर सांगतो, क्षणभर थबकली. शुद्धीवर आलो तेव्हा मला माझ्याच पाठीचा काही भाग दिसत होता, जो मी तरुणपणीही पाहिला नव्हता.

"तुम्ही आहात तरी कोण?" मी विचारलं.

त्याने पाठ ताठ केली. "कुरोशिओ. हलका वजनगट. चौथा विजेता."

पडद्याआडून बायकोचा आवाज आला, "हंगामी."

"चिझुको, गिऱ्हाईक आहे समोर!"

"म्हणून तर खरं सांगतेय. आधीच मान मोडलीत बिचाऱ्यांची, वर थापा कशाला?"

कुरोशिओ ही ओसाकातली लढतींची संस्था. कुस्ती, ज्युदो, बुक्के, लाथा, सगळं एकाच रिंगणात चालतं. पिढीजात मिठाईच्या दुकानाचा मालक जसा अकराव्या गादीचा असतो, तसा आमच्याकडे लढवय्याही अमुक गादीचा विजेता म्हणून ओळखला जातो. विजेता हरला की पट्टा पुढच्याच्या कमरेला जातो. आकडा मात्र जन्मभर आपला. लग्नाच्या निमंत्रणावर आकडा छापणारे मी पाहिलेत, आणि एकाच्या थडग्यावरही पाहिलाय.

मोरिवाकीची अडचण अशी होती. तिसऱ्या गादीच्या विजेत्याचा गुडघा निकामी झाला. तो बरा होईपर्यंत गादी रिकामी नको म्हणून हंगामी विजेता ठरवायची लढत झाली. ती मोरिवाकीने जिंकली. पुढे तिसऱ्याने गुडघ्याला आणि धंद्याला एकदमच रामराम केला. रिवाजाप्रमाणे हंगामी माणूस कायम व्हायचा. पण त्या वेळचे अध्यक्ष देगुची म्हणाले, "एक लढत जिंकून दाखव, मग कायम करतो." ती एक लढत कुरामोची दाइगो नावाच्या पोराशी झाली. कुरामोचीने पहिल्याच फेरीत मोरिवाकीचा हात असा पिळला की रेफरीला मध्ये पडावं लागलं.

आणि मग निवेदकाने पुकारलं, "पाचव्या गादीचे विजेते, कुरामोची दाइगो!"

पाचव्या! कारण देगुचींना चार या आकड्याची धास्ती होती. चारलाही 'शी' आणि मरणालाही 'शी', हे आमच्याकडे सगळ्यांनाच खटकतं, पण देगुचींची तऱ्हा न्यारी होती. ते तीन ग्लास बिअर प्यायले की पाचवा मागवायचे आणि चौथ्याचे पैसे देणार नाही म्हणून भांडायचे. त्यांनी चौथी गादी सरळ गाळली.

इतरांना ती गाळलेली दिसली. मोरिवाकीला ती आपल्यासाठी राखून ठेवलेली दिसली.

"साधा हिशेब आहे," माझ्या कमरेवर कोपर रोवून तो सांगायचा. "कुरामोची पाचवा. त्याने गादी घेतली कुणाकडून? माझ्याकडून. मग मी कितवा?"

"चौथा! चौथा! कोपर काढा!"

गल्लीतल्या प्रत्येक दुखऱ्या पाठीने हे मान्य केलं होतं. कुरोशिओने मात्र केलं नव्हतं. जुन्या विजेत्यांच्या मेळाव्याला त्याला कधी बोलावणं आलं नाही. तो त्या दिवशी दवाखाना बंद ठेवायचा आणि आपली भिजलेल्या बोक्यासारखी मुद्रा घेऊन दारात उभा राहायचा. "निदान आत तरी उभे राहा," चिझुकोवहिनी म्हणायच्या, "लोकांना वाटेल मीच बाहेर काढलंय."

देगुची वारले आणि त्यांची लेक अकाने अध्यक्षांच्या गादीवर बसली. ही बाई हिशेबनीस होती, शकुन-अपशकुन तिच्या खिजगणतीत नव्हते. मोरिवाकीने ठेवणीतला सूट चढवला, मला साक्षीदार म्हणून बरोबर घेतलं आणि तिचं ऑफिस गाठलं.

"अगं, तू एवढीशी होतीस तेव्हापासून मी तुला ओळखतो," त्याने सुरुवात केली.

"हो काका. माझ्या वाढदिवसाला केक उचलताना तुमचा खांदा निखळला होता."

"ते जाऊ दे. मला एवढंच सांग, पाचवा आहे आणि चौथा नाही, असं जगात कुठे असतं का?"

अकानेने विचार केला. "नसतं. बाबांचा हा घोळ मलाही पहिल्यापासून खटकतोय. चौथा हा असायलाच हवा."

"असायलाच हवा!"

"यंदाच्या मेळाव्यात चौथ्या गादीचं नाव पुकारलं जाईल, काका. मी शब्द देते. तुम्हीही या."

मोरिवाकी इतका खाली वाकला की टेबलावर कपाळ आपटलं. घरी आल्यावर चिझुकोवहिनींनी एकच प्रश्न विचारला, "तुमचं नाव घेतलं का तिने?"

"नाव कशाला घ्यायला हवं? समजायचं असतं ते!"

"तुम्ही विचारलंत का?"

"असं तोंडावर विचारतात का कुणी? अडाणी कुठली!"

मीही विचारलं नसतं. आम्ही न बोललेलं समजण्यात इतके पटाईत आहोत की बोललेलं ऐकायचं राहून जातं.

पुढे निमंत्रण आलं. त्यावर 'पाहुणे' असं छापलं होतं. वहिनींनी ते त्याच्या नाकासमोर धरलं. "आधीच जाहीर केलं तर मजा काय राहील?" तो म्हणाला आणि केस काळे करायला गेला.

मेळाव्याला आम्ही तिघे दुसऱ्या रांगेत होतो. पुढच्या रांगेत सगळे जुने विजेते, पोटं सुटलेली, कान कोबीच्या गड्ड्यासारखे. निवेदक एकेकाला रिंगणात बोलवू लागला. पहिला गेला. दुसरा गेला. तिसरा काठी टेकत गेला.

"चौथ्या गादीचे विजेते..."

मोरिवाकी उठला. कोटाचं बटण लावलं.

"...कुरामोची दाइगो!"

अकानेने घोळ निस्तरला होता. पाचव्याला चौथा केला होता, सहाव्याला पाचवा, आणि सगळी रांग एकेक पाऊल पुढे सरकवली होती.

मोरिवाकी उभाच होता. वहिनींनी त्याच्या कोटाचं टोक धरलं, पण ओढलं नाही. मग त्याने टाळ्या वाजवायला सुरुवात केली, जोरजोरात, हात डोक्यावर नेऊन. मागच्यांना वाटलं की या माणसासाठी उभं राहायचं असतं. ते उठले. बघता बघता सगळं सभागृह उठलं. एवढा मान पहिल्या गादीलाही मिळाला नव्हता.

नंतर कुरामोची गर्दीतून वाट काढत आला. वाकायामात त्याचा उमेबोशीचा, म्हणजे खारवलेल्या आंबट फळांच्या लोणच्याचा, कारखाना आहे. "मास्तर, तुम्ही उभे राहिलात, मला भरून आलं हो. पण माझ्या बरण्यांचं काय? सगळ्यांवर 'पाचव्या गादीची उमेबोशी' छापलंय!"

"वरून कागद चिकटव," मोरिवाकी म्हणाला. "हात कसा आहे तुझा?"

"माझा? पिळला होता तो तुमचा."

"हो, तेच."

त्यानंतरच्या वसंतात कुरोशिओने हलका वजनगट बंद केला. शेवटचा विजेता सहाव्या गादीचा ठरला. मोरिवाकीचा दवाखाना चालू आहे. गुरुवारी, म्हणजे सोमवारपासून मोजलं तर चौथ्या दिवशी, बंद असतो.