संत्र्यांच्या बागांचा समुद्र

संत्रं सोलताना सालीचा वास बोटांना लागला की आजही माझं डोकं तापतं.

दोन हजार सालच्या आसपास मी सातवीत होते. बाबा मालवाहू बोटीवर खलाशी. सुट्टीवर आले की लांबलांबचे समुद्र सांगत बसायचे. "जपानात सेतो म्हणून समुद्र आहे, गो बाय. चहूकडून बेटांनी वेढलेला. आत शिरलं की आपल्या जयगडच्या खाडीसारखं शांत. नि डोंगरउतारावर, आपली आंब्याची कलमं असतात ना, तशा संत्र्यांच्या बागा."

भूगोलाच्या बाईंनी एखाद्या समुद्राचं वर्णन करायला सांगितलं, तेव्हा मी उभी राहून हेच सांगितलं. बाई हसल्या.

"अगं, बेटाला समुद्र वेढतो. समुद्राला बेटं कशी वेढतील? कोणी सांगितलं?"

"बाबांनी. बोटीवर असतात."

"कप्तान आहेत?"

"नाही. खलाशी. बोटीचं रंगकाम करतात."

मग सगळा वर्ग हसला. जगाचा भलामोठा नकाशा बाईंच्या पाठीमागे टांगलेला होता. नुसती मान वळवायची होती हो! तेवढेही कष्ट त्यांनी घेतले नाहीत.

पुढच्या सुट्टीत बाबांनी हौसेने विचारलं, "सेतोचं सांगितलंस काय वर्गात?"

"तुम्ही चुकीचं सांगितलंत," मी फणकारले. "सगळे हसले मला."

"असेल बाय. मी कुठे शिकलेला?"

डोळ्यांनी बघून आलेला माणूस! त्यानंतर त्यांनी कुठल्याच समुद्राचं नाव काढलं नाही.

बाईंना मी अजून शिव्या घालते. पण त्यांची निदान नकाशाकडे पाठ होती. माझ्या तर तो समोर होता.