उन्हाळ्यात आटणारा बोअर

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हालाच का सांगते आहे, ते मलाही नीट ठाऊक नाही — पण ऐका.

जुळे सोलापुरातलं माझं भाड्याचं घर बघाल तर हेवा वाटेल. दोन खोल्या, वर गच्ची, भाडं अगदी बेताचं, आणि मुख्य म्हणजे बोअर. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. त्यामुळे घर बघायला जाणारा आधी पाण्याचं विचारतो, खोल्या मागाहून बघतो. इथे भर मे महिन्यातही टाकी भरलेली. मी इथे सुखात आहे, अगदी मजेत — लपवू कशाला?

पण हे घर मी शोधलेलं नाही. शोधलं शबानानं.

शबाना माझ्याच शाळेत शिकवते. तेव्हा दोघीही घर शोधत होतो. मला कुठलं पसंत पडत नसे. तिनं आडनाव सांगितलं, की खोली नेमकी कालच गेलेली असे. या घराची मालकीण मात्र तिला फोनवर म्हणाली होती, "कुणी का असेना, माणसं चांगली पायजेत की." शबाना किती हरखली होती! सासूला दवाखान्यात न्यायचं होतं, म्हणून तिनं मला पाठवलं. "ताई, तुमीच बघून या. तुमाला पटलं तर मी डोळे झाकून घेते."

गेले. गच्चीवर उभी राहिले. पाणी पिऊन बघितलं — गोड. आणि मन फिरलं.

शबानाला म्हणाले, बोअर उन्हाळ्यात आटतो म्हणे. बस, एवढंच. सोलापुरात यापुढे कोण काय विचारणार? मालकिणीला सांगितलं, त्यांना दुसरीकडे मिळालं. थोड्या दिवसांनी माझं सामान हलवलं. शबानाला म्हटलं — नाइलाजानं घेतेय गं.

पुढच्या उन्हाळ्यात ती चहाला आली. हात धुवायला नळ सोडला, तर धो धो पाणी. ती क्षणभर बघत राहिली — की मलाच तसं वाटलं? मग म्हणाली, "बरं झालं ताई, पाणी टिकलं की." पुन्हा कधी विषय नाही. अजून ती शहराबाहेरच्या कुंभारीहून बसनं येते, आणि दुपारी डबा माझ्याबरोबरच खाते.

मला घर आज ना उद्या कुठंही मिळालं असतं. तिला एवढ्या शहरात एकाच बाईनं हो म्हटलं होतं. बोअर आटतो म्हणताना मला ते पक्कं माहीत होतं.