चिंचोक्यांचे पाढे

स्वातंत्र्य मिळायच्या आधीची दोन-चार वर्षं असतील. पारनेरजवळच्या आमच्या गावात मी तिसरीत होते आणि माझी शाळा टांगणीला लागली होती. आईच्या मांडीवर नवं बाळ होतं, त्याला सांभाळायला माणूस हवं होतं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सांगून टाकलं होतं की शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांच्या परीक्षेत पास झालीस तर शाळा, नाहीतर घर.

त्याच वर्षी आमच्या तरुण गुरुजींनी एक प्रयोग मांडला. पोरं पाढे घडाघडा म्हणतात, पण हिशेब घातला की तोंडाकडे बघत बसतात, हे त्यांना खुपायचं. त्यांनी वर्गाच्या दोन बाजू केल्या. खिडकीकडच्या पोरांना जमिनीवर चिंचोक्यांच्या ओळी मांडून गुणाकार शिकवायचा, भिंतीकडच्यांनी नेहमीसारखी घोकंपट्टी करायची. खिडकीकडची पोरं सरस ठरली, तर सगळ्या शाळेत तसं शिकवायला साहेब परवानगी देणार होते. हेडमास्तरांना हा पोरखेळ वाटत होता. मी भिंतीकडे आले आणि माझा चुलतभाऊ खिडकीकडे. त्याच्यापुढे चिंचोके आणि माझ्यापुढे नुसती भिंत, याचा मला इतका संताप यायचा की पाढे म्हणताना मी मुद्दाम बेंबीच्या देठापासून ओरडायचे.

गुरुजींनी वर्गात कडक पहारा ठेवला, या बाजूचं त्या बाजूला कळू दिलं नाही. पण शहाण्या माणसाला एवढं सुचलं नाही की घरी आम्ही दोघं एका ताटात जेवतो. संध्याकाळी अंगणात भाऊ चिंचोके मांडायचा, मी त्याच्याशी भांडून निम्मे हिसकावायचे आणि माझ्या ओळी मांडायचे. आमच्या लेखी तो खेळ होता.

साहेब आले त्या दिवशी आबा शाळेच्या दाराशी येऊन उभे राहिले. साहेबांना पुढच्या गावी जायची घाई होती. दोन्ही बाजूंचं एकेक पोर उभं करतो म्हणाले. खिडकीकडचा एक मुलगा बरोबर उत्तर देऊन बसला. मग साहेबांची छडी माझ्याकडे वळली.

शेतात सात ओळी, ओळीत तेरा रोपं, दोन ओळी शेळ्यांनी खाल्ल्या, उरली किती?

मी डोळे मिटले, बोटं परकरावर आपोआप ओळी मांडू लागली. दोन ओळी पुसल्या. ‘‘पासष्ट,’’ मी म्हणाले.

साहेब हसले. दोन्ही बाजू सारख्याच निघाल्या, मग हा खटाटोप कशाला, असं त्यांनी विचारलं. हेडमास्तरांचा चेहरा खुलला. गुरुजी मात्र माझ्या बोटांकडे बघत होते. हे कुठं शिकलीस, त्यांनी हळूच विचारलं. मी खरं ते सांगितलं.

‘‘म्हणजे नक्कल झाली,’’ साहेब म्हणाले. ‘‘हिला नापास करा आणि भिंतीकडचं दुसरं पोर उभं करा. तुमचं म्हणणं लगेच सिद्ध होईल.’’

मी आबांकडे बघितलं, ते गुरुजींकडे बघत होते. गुरुजींना हवं होतं ते आयतं समोर आलं होतं, फक्त मान हलवायची होती. त्या क्षणी मला त्यांची भीती वाटली, तेवढी छडीचीही कधी वाटली नाही.

‘‘नक्कल नाही, साहेब,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘उत्तर तिचं तिनं काढलंय. तिला पास करा.’’

‘‘मग परवानगी मिळायची नाही.’’

‘‘समजलं.’’

दारातून आबांनी घसा खाकरला. ‘‘मास्तर, मला त्या बाजूबिजूतलं कळत न्हाई. पोरीला येतंय का न्हाई, येवढं सांगा.’’

‘‘येतंय.’’

‘‘मंग उद्या यील ती,’’ आबा म्हणाले आणि शेताकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी चिंचोके बाहेर फेकायला सांगितले. गुरुजींनी ते पिशवीत भरले आणि शाळा सुटल्यावर पिशवी माझ्या हातात दिली. घरी खेळायला साहेबांची बंदी नाही, एवढंच म्हणाले. त्या संध्याकाळी भिंतीकडची सगळी पोरं आमच्या अंगणात आली. ओळी कशा मांडायच्या ते मी त्यांना दाखवलं.